केळीतला ळ

रविवारी विहारात वंदना आटोपली की चपला शोधता शोधता बाया एकमेकींच्या मुलांची चौकशी करतात. कुणाचा मुलगा तलाठी झालेला असतो, कुणाची मुलगी सिव्हिलमध्ये नर्स असते. माझी पाळी आली की मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे. एकदा म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहे. एकदा म्हटलं, चित्रं काढते. एकदा 'शिक्षणक्षेत्रात आहे' म्हटलं, तर शेजारच्या बाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे शिक्षक भरतीची वाट बघतेय का?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मुलगी बी.ए. झाली, मग नाशिकला दोन वर्षं डिजिटल डिझाइन शिकली, आणि आता लहान मुलांना वाचायला शिकवणाऱ्या अ‍ॅपची चित्रं, अक्षरं, आवाज आणि खेळ ती ठरवते. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पण ते सांगताना माझ्या तोंडाची चव जायची, म्हणून मी सांगत नव्हते. मला हेच करायचं होतं. माझ्या वेळी ते नव्हतं, तिच्या वेळी आहे, आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर चालतं. आईला लेकीचा हेवा वाटत नाही असं म्हणतात. वाटतो.

मी शिरपूर तालुक्यातल्या एका गावची. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. माझा हात चांगला आहे हे त्यांना मान्य होतं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. चित्रकलेत पोट भरायचे रस्ते दोन, एक शाळेत चित्रकलेची बाई आणि दुसरा दुकानांच्या पाट्या रंगवणं. पाट्या रंगवायला शिडीवर चढावं लागतं आणि मुलगी शिडीवर चढली की सगळं गाव खाली उभं राहतं, म्हणून पहिला रस्ता. मी मुंबईच्या उपयोजित कलेच्या कॉलेजाचा फॉर्म मागवला होता. तो कोराच राहिला आणि मुदत गेली. धुळ्याला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, जळगावला शाळेत लागले, लग्न झालं.

धुळ्यातल्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. सरांनी विचारलं, चित्रकला कुठे शिकलीस? मी म्हटलं, "शायामा." वर्ग हसला. आमच्या अहिराणीत ळ नाही. शाळेला शाया, डोळ्याला डोया, धुळ्याला धुये. वर्गातली निम्मी मुलं खेड्यांतलीच होती, त्यांच्याही घरी शायाच होती, पण हसायला तीही होती. महिनाभर माझं नाव 'शाया' होतं. मी भांडले नाही. होस्टेलच्या गच्चीवर कावळा, मावळा, बावळा म्हणत फेऱ्या मारायचे. वर्ष संपेपर्यंत माझ्या तोंडून चुकूनही य निघत नव्हता, आणि अक्षरलेखनाच्या तासाला ळ हे तर माझं अक्षर झालं. दोन पोटं सारखी, मधली गाठ घट्ट, वरच्या रेघेला नीट टांगलेलं. शाळेच्या दर्शनी फळ्यावर आजही सुविचार मी लिहिते आणि ळ असलेला मुद्दाम निवडते.

घरात मी अहिराणी बोलले नाही. नवरा जळगाव शहरातला, त्याची बोली ऑफिसातली. मुलीला मी स्वच्छ मराठी दिली. माहेरी आईला फोन लावला की आपोआप अहिराणी यायची, म्हणून ते फोन मी गॅलरीत जाऊन करायचे.

मुलीचा हात वाईट. हे मी आई म्हणून नाही, परीक्षक म्हणून सांगते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला सी श्रेणी मिळाली आणि माझ्या मते तीही उदार मनाने दिलेली होती. तिच्या स्थिरचित्रातला तांब्या टेबलावरून घसरत असायचा. मी तिला स्पष्ट सांगितलं, हा तुझा प्रांत नाही. ती समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि मी निर्धास्त झाले. मग ती डिझाइनच्या कोर्सला गेली आणि टॅब आणि त्याचं पेन घेऊन परत आली.

त्या पेनने ती रेघ मारते. वाकडी आली तर दोन बोटांनी टकटक करते आणि रेघ नाहीशी होते. डाग नाही, खरवडलेला कागद नाही. पुन्हा मारते. तिसाव्या वेळी रेघ बरोबर येते आणि जगाला फक्त तिसावी दिसते. मी आठवडाभर बसून केलेलं पोस्टर शेवटच्या शब्दावर शाईचा थेंब पडून घालवलेलं आहे. ती टकटक ऐकली की मला त्या दिवसापेक्षाही वाईट वाटायचं.

तिच्या बरोबरीची मुलं घरी येत. एक जण संस्कृत घेऊन बी.ए. झालेला. तो इथल्याच एका सराफाकडे दागिने पडद्यावर घडवतो. मंगळसूत्राची वाटी गिऱ्हाइकाला चहूबाजूंनी फिरवून दाखवायची, पसंत पडली की मगच ओतायची. एक मुलगी नाटक शिकलेली. ठिबकच्या नळ्या कशा जोडायच्या याचे शेतकऱ्यांसाठी ती कार्टूनचे व्हिडिओ करते, आणि तिचा शेतकरी नळी जोडता जोडता कंटाळून मान खाजवतो. तिसरा पारोळ्याचा किल्ला मोबाइलवर हिंडून बघता येईल असा करत होता. त्याने इतिहासात एम.ए. केलं आहे. आबांना दोन रस्ते दिसले होते. ही पोरं पोहे खाता खाता सहा-सात रस्ते सहज बोलून जायची आणि मी वाढत असायचे. एकदा त्यातला एक म्हणाला, "काकू, तुम्ही सगळं फ्रीहँड करता ना? भारी." जसं कुणाला म्हणावं, तुम्ही अजून चुलीवर भाकरी करता ना, भारी.

गेल्या वर्षी तिला पुण्याच्या एका संस्थेचं काम मिळालं. पहिलीच्या मुलांना शाळेच्या मराठीआधी त्यांच्या घरच्या बोलीत वाचायला शिकवायचं, असं ते अ‍ॅप. खानदेशासाठी अहिराणी. करार सहा महिन्यांचा. शेवटी एका गावात मुलांसमोर चाचणी. ती चांगली झाली तर मुलगी कायम, आणि खानदेशचं सगळं काम तिच्या हाताखाली. नाही झाली तर करार तिथेच संपणार. या कामासाठी तिने नाशिकची एक नोकरी सोडली होती, त्यामुळे तिचं सगळं या चाचणीवर होतं. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

शब्दांची यादी संस्थेने दिली होती, बाकीचं तिने इंटरनेटवरून गोळा केलं. सुरुवातीलाच तिने मला विचारलं होतं, "आई, तुला येते ना थोडी अहिराणी?"

"विसरले," मी म्हटलं.

चाचणीच्या दहा-बारा दिवस आधी तिने टॅब माझ्यापुढे ठेवला आणि अक्षरं नजरेखालून घालायला सांगितली. पहिल्या पानावर केळीचा घड. खाली मोठ्या अक्षरांत 'केळी', त्याखाली 'हाई केळी शे', म्हणजे ही केळी आहे. पुढे डोळा, नारळ, गूळ. 'हाई' बरोबर, 'शे' बरोबर आणि मधे हा शहरी ळ. नऊवारीवर कोट घालावा तसा. आवाजही तिचाच, माझ्याकडून उचललेल्या स्वच्छ ळचा. मग खेळ. चित्र यायचं, शब्दातलं एक अक्षर गाळलेलं असायचं आणि खाली तीन अक्षरं, ळ, य आणि ल. ळवर बोट ठेवलं तर फूल उमलायचं. दुसरं काही दाबलं तर टुंग असा आवाज यायचा.

मला ते पहिल्याच पानावर दिसलं. तोंड उघडणार, तेवढ्यात तिला पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. मुलगी म्हणाली की अक्षरांची तपासणी चालू आहे, आई ड्रॉइंग टीचर आहे, तीच बघतेय. पलीकडून मॅडम हसल्या. "सो स्वीट," म्हणाल्या.

फोन ठेवून मुलगी माझ्याकडे वळली. "हं, बोल. काय वाटतं?"

"ळची पोटं बघ. डावं लहान झालंय."

तिने टकटक केलं, डावं पोट वाढवलं, गाठ जरा खाली घेतली. "आता?"

"आता छान."

मी उठून कुकर लावला. जे अक्षर तिथे असायलाच नको होतं, ते मी सुबक करून दिलं होतं. पुढचे दहा दिवस ती त्याच टेबलावर बसून काम करत होती आणि मी येता-जाता बघत होते. सांगायला रोज वेळ होता.

चाचणी पारोळ्याकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, शनिवारी सकाळी. मुलीने मलाही ओढलं, म्हणाली तू बाई आहेस, पोरं तुला बुजणार नाहीत. पुण्याच्या मॅडम परस्पर गाडीने आल्या होत्या. बारा मुलं, पाच टॅब. सगळी टॅबवर वाकली.

केळीचा घड आला. एका मुलीने जराही न थांबता य दाबला. टुंग. तिने पुन्हा य दाबला, यावेळी जोरात. टुंग. शेजारच्या टॅबवर डोळा आला, तिथेही य. टुंग. नारळ, टुंग. पाचही टॅब टुंग टुंग करायला लागले. खिचडी शिजवणाऱ्या अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "बाई, हाई पुस्तकनी अहिराणी शे का? आमनी तं नही."

मॅडम वहीत लिहीत होत्या. माझी मुलगी एकेक टॅब उचलून पडदा पुसत होती, सेटिंग बघत होती. "टच नीट लागत नाहीये बहुतेक," ती मला हळूच म्हणाली. तिला वाटलं होतं यंत्र बिघडलंय. काय बिघडलंय हे त्या खोलीत मुलांना माहीत होतं, अक्कांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी तेव्हाही गप्प होते. आणखी दोन-तीन शब्द गेले.

मग त्या पहिल्या मुलीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. पुन्हा काही चुकीचं दाबलं जाऊ नये म्हणून. ते बघून मी खाली बसले. केळीचं चित्र तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "हाई काय शे?"

तिने आधी माझी साडी बघितली, मग पर्स, मग तोंड. "केयी," एकदम बारीक आवाजात.

"आनि हाई?"

"डोया."

"बठ्ठाजन सांगा."

सगळ्यांनी सांगितलं. नारय, गूय, फय, शाया. अक्का हसायला लागल्या. मी मान वर केली तेव्हा माझी मुलगी त्या मुलांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर मी ही भाषा कधीच बोलले नव्हते.

मॅडम तिथूनच धुळ्याला निघून गेल्या. करारासंबंधी दोन दिवसांत कळवते म्हणाल्या, एवढंच. आम्ही पारोळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत बसलो. बराच वेळ ती समोर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती.

"तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"कधी?"

"तू टॅब पुढे ठेवलास तेव्हाच. पोटं सारखी करायला लावली त्याच्या आधी."

"का?"

खोटं बोलून झालं होतं. "हेवा वाटला," मी म्हटलं.

"माझा?"

"मग काय तुझ्या बापाचा?"

तिला हसू आलं नाही. मला वाटलं रडेल, पण रडलीही नाही. म्हणाली, "हेव्याचं मला काही नाही, आई. कोर्सला अर्धा वर्ग माझ्यावर जळायचा आणि मी उरलेल्या अर्ध्यावर. पण दर शुक्रवारी सगळ्यांची कामं भिंतीवर लागायची, आणि दिसलेली चूक तोंडावर सांगायची हा नियम होता. न सांगणाऱ्याला आम्ही पुढच्या कामात घ्यायचो नाही." मग गाडी लागली.

घरी येऊन तिने जेवायच्या आधी मॅडमना मेल लिहिला. मी मागे उभी राहून वाचला. 'शब्दांची त्या भागातल्या बोलणाऱ्यांकडून पडताळणी न करता काम पुढे नेलं, ही माझी चूक आहे. तीन आठवडे दिल्यास दुरुस्त करून दाखवते.' माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, माझं नाव घाल, चूक माझी आहे.

"तुझं नाव घातलं तर मी आईला विचारून काम करते असं होईल," ती म्हणाली आणि मेल पाठवला.

मला वाचवायला नाव गाळलं असतं तर मी मोठ्या मनाने नाराज झाले असते. तिने ते कामासाठी गाळलं होतं. त्या वयात मला इतकं नेमकं सुचलं नसतं. त्याचाही हेवा वाटला.

तीन आठवडे मिळाले. रोज शाळेतून आले की आम्ही आतल्या खोलीत बसायचो. आवाज घुमू नये म्हणून तिने खिडकीला आणि कपाटाला गोधड्या लावल्या होत्या. ती शब्द वाचायची, मी अहिराणीत सांगायचे, ती रेकॉर्ड करायची. परीक्षक आता ती होती. "परत. 'डोया' म्हणताना तू आवाज खाली घेतेस." "परत. लाजतेस अजून." एका शब्दाचा मी नऊ वेळा उच्चार केला. माझ्या वर्गातल्या पोरांना मी तीनदाच सांगते.

मधेच एकदा तिने विचारलं, "जळणं?"

"जयणं. पण पहिलीच्या पोरांना हा शब्द कशाला?"

"पोरांना नको. मला पाहिजे."

माझ्या एकटीच्या शब्दावर ती विसंबली नाही. एकदा फसले, म्हणाली. दर शनिवार-रविवारी गावं फिरून बायांकडून तेच शब्द पुन्हा म्हणून घेऊन आली. आणि तिने नुसता ळ काढून य घातला नाही. मी असते तर तेवढंच केलं असतं. तिने आधी केयी ठेवली, मुलांची. ती वाचता आली की काही धड्यांनंतर त्याच घडाखाली केळी आणली, शाळेची. एकच चित्र, दोन शब्द, दोन्ही बरोबर. टुंग आवाज काढूनच टाकला. चुकीचं अक्षर दाबलं तर ते अक्षर नुसतं आपल्या जागी परत जाऊन बसतं. हात मांड्यांखाली घालून बसलेली मुलगी तिनेही बघितली होती, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं टॅबमुळे तिचं चालतं. टॅब मला कुणी दिला असता तर मी त्यावर अतिशय सुंदर ळ काढत बसले असते.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी शाळेत परीक्षा होती, मला सुट्टी मिळाली नाही. नंतर आठवडाभर पुण्याहून काही नाही. ती मोबाइल उलटा ठेवून काम करायची आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघायची. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि तिचा फोन आला. ती कायम झाली होती. खानदेश तिच्याकडे आला होता, आणि नंदुरबारकडच्या बोलींचंही काम सुरू होणार होतं. फोनवर ती भरभर बोलत होती. मी ऐकत होते आणि आनंदाबरोबर ते दुसरंही चालू होतं, अगदी तसंच, जराही कमी न होता.

"अभिनंदन," मी म्हटलं. "पण खरं सांगू का, मला जळायला होतंय."

"जळ," ती म्हणाली. "पण पुढच्या यादीत चूक दिसली तर सांग."

संध्याकाळी तिने यादी पुढे ठेवली. प्राणी होते. मी चष्मा लावून बसले आणि तीन चुका काढल्या. दोन तिने लगेच खोडल्या. तिसऱ्यावर, सरड्याच्या शब्दावर, ती अडून बसली, कारण पारोळ्याकडच्या बायांनी तिला दुसराच शब्द सांगितला होता. मी म्हटलं, मी जन्मापासून ही भाषा बोलते. ती म्हणाली, गॅलरीत. मग मी आईला फोन लावला, टेबलापाशी बसूनच, आणि विचारलं. शब्द दोन्हीकडे वेगळा होता. माझा फक्त शिरपूरकडे चालत होता. तिसरी चूक माझी निघाली, तिने तिचा शब्द कायम ठेवला आणि आम्ही पुढच्या प्राण्याकडे गेलो.